घोरणं, जबडा आणि दंतवैद्याची जबाबदारी

दाताच्या डॉक्टरने रुग्णाच्या झोपेची चौकशी करावी का, हा वाद वैद्यकीय वर्तुळात अधूनमधून पेटतो, आणि पेटतो तेव्हा फार वाईट रीतीने घातला जातो. एका बाजूला काही छातीविकारतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर असतात. त्यांचं म्हणणं, 'तुम्ही दात बघा, श्वासाचं आम्ही बघतो.' दुसऱ्या बाजूला आमच्याच व्यवसायातली, दोन दिवसांची कार्यशाळा करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली मंडळी असतात. त्यांच्या जाहिरातीत 'घोरण्यावर हमखास इलाज' असं छापलेलं असतं. एकाला दुसऱ्याचा धंदा दिसतो, दुसऱ्याला पहिल्याची मक्तेदारी दिसते, आणि ज्याचा श्वास रात्री अडतो तो माणूस दोघांच्याही बोलण्यात कुठे येत नाही. मी तालुक्याच्या गावी साधी दातांची प्रॅक्टिस करते. दाढा काढणं, रूट कॅनाल, कवळ्या, हिरड्यांची सफाई हे माझं रोजचं काम. या वादात माझं मत पक्कं आहे. झोपेतल्या श्वसनविकाराच्या खुणा ओळखणं हे प्रत्येक सर्वसाधारण दंतवैद्याचं कर्तव्य आहे. ज्याला आवड आहे त्याने करावं, अशी ती हौसेची बाब नाही. त्या विकाराचं निदान करणं मात्र त्याचं काम नाही. आणि निदान झाल्यावर, डॉक्टरने सांगितल्यावर, झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, तोंडात घालायचं उपकरण करून देणं व त्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणं हे दंतवैद्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारं नाही. ओळखणं, निदान, उपचार आणि देखरेख ही चार वेगळी कामं आहेत. वाद घालणारे चारही कामांची एकच मोट बांधतात आणि मग ती मोट कुणाच्या मालकीची यावर भांडतात.

आधी आजाराबद्दल थोडं बोलायला हवं. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद, त्यांची श्वासाची वाट अशा वेळी अर्धी किंवा पूर्ण बंद होते. श्वास किमान १० सेकंद अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्याने घोरत हवा ओढतो आणि पुन्हा झोपी जातो. असे अडथळे तासाला ५ ते १५ असतील तर सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० च्या वर गेले तर तीव्र ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, अशी ढोबळ प्रतवारी आहे. सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही. रात्रभर डाराडूर झोपूनही अंग जड आहे, डोकं ठणकतंय, तोंडाला कोरड पडली आहे, एवढंच त्याला कळतं. उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह यांच्याशी या विकाराचा जवळचा संबंध आहे. दिवसा स्टीअरिंगवर लागणाऱ्या डुलकीचा तर आहेच. आणि हा काही मूठभर लठ्ठ माणसांचा आजार नाही. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास बिघडत असल्याचं आढळलं, आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसा झोप येण्याची लक्षणंही होती. ही माणसं झोपेची तक्रार घेऊन आलेली नव्हती. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेली, स्वतःला धडधाकट समजणारी होती. २०२३ साली दिल्लीच्या एम्सच्या संशोधकांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज १०.४ कोटी भारतीयांचा आहे. स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीची, सोय मात्र आजही मुख्यतः मोठ्या शहरांत आहे, आणि झोपेच्या विकारांचा खास अभ्यास केलेले डॉक्टर त्याहून कमी.

मग या कोट्यवधी माणसांना पहिल्यांदा कोण भेटणार? घोरण्यासाठी म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं आपल्याकडे घराघरांत समजलं जातं. फार तर बायको कंटाळून बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकते. पण दाढ दुखायला लागली की तोच माणूस आमच्या खुर्चीवर येतो, खुर्ची आडवी होते, डोक्यावर दिवा लागतो आणि त्याचा घसा आमच्यासमोर उघडा असतो. हे दृश्य इतर कुठल्याही शाखेच्या डॉक्टरला रोज दिवसभर दिसत नाही. आम्ही बघतो ते असं: जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटून झालेली झालर, 'आ' करा म्हटल्यावर पडजीभच न दिसणं, मागे नुसता जिभेचा उंचवटा, आत घेतलेली हनुवटी, उंच आणि अरुंद टाळा, घासून सपाट झालेल्या दाढा, आणि काही रुग्णांमध्ये पाठीवर झोपवताच धाप लागून उठून बसणं. घशाच्या या दर्शनाची जी प्रतवारी जगभरचे भूलतज्ज्ञ वापरतात, ती १९८५ साली मांडणारे डॉ. शेषगिरी मल्लमपती मूळचे आंध्र प्रदेशातले. ती प्रतवारी करायला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, रुग्णाचे पैसे लागत नाहीत. उजेड लागतो आणि उघडं तोंड लागतं. दोन्ही आमच्याकडे आहे.

मागे ऊस वाहतूक करणारा एक ट्रकचालक दाढ तुटली म्हणून पत्नीला घेऊन आला होता. चाळिशीचा, आखूड मानेचा, खालच्या सगळ्या दाढा घासलेल्या. क्ष-किरण फोटो निघेपर्यंतच्या वेळात तो खुर्चीवर झोपला, तोंड उघडं टाकून. उठवून विचारलं, रात्री झोप नीट लागते का? तो म्हणाला, "झोपेला काय झालंय मॅडम? पडलो की झोपतो. तुम्ही दाढेचं बघा." तेव्हा शेजारी बसलेली त्याची पत्नी हळूच म्हणाली, "हे मधेच श्वास घ्यायचेच थांबतात. मी हलवून जागं करते. सासूबाई म्हणतात, दमतो गं तो." त्या घरात इतकी वर्षं सगळ्यांना सगळं दिसत होतं. फक्त ते कुणा डॉक्टरला सांगायचं असतं हे कुणाला माहीत नव्हतं. मी त्याला स्लीप ॲप्निया आहे असं सांगितलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यही नव्हतं. डॉक्टरकडे जाण्यासाठी चिठ्ठी दिली आणि गाडी चालवताना झोप आली तर ढकलत पुढे जाऊ नका, बाजूला लावा, एवढं बजावलं. या प्रश्नाला दोन मिनिटं लागली. 'तुम्ही दात बघा' म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे की ही दोन मिनिटं मी खर्च करायची नाहीत, तर त्या माणसासाठी ती दुसरं कोण खर्च करणार होतं?

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या बोलण्यात येत नाही. दंतवैद्य झोपेच्या बाहेर उभा नाहीच. त्याने ठरवो वा न ठरवो, तो रुग्णाच्या झोपेत हस्तक्षेप करतोच आहे. रात्री दात खाणाऱ्याला आम्ही नाइट गार्ड करून देतो. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात नेहमीचं काम आहे. आता वरच्या दातांवर बसणारं हे ॲक्रिलिकचं आवरण जबड्यांमधली उभी जागा वाढवतं, आणि त्याने खालचा जबडा, जीभ मागे जाऊ शकते. कॅनडातल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान प्राथमिक अभ्यासात स्लीप ॲप्निया असलेल्या १० रुग्णांना असं आवरण घालून झोपवलं, तेव्हा त्यांपैकी ५ जणांच्या श्वासातले अडथळे निम्म्याहून अधिक वाढले. दहा रुग्णांवरून कायदा करता येत नाही हे मला मान्य आहे. पण एवढ्यावरून एक प्रश्न विचारणं बंधनकारक ठरतं की नाही? नाइट गार्डसाठी माप घेण्याआधी 'तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडतो असं घरी कुणी म्हणतं का' हे न विचारणारा दंतवैद्य आपल्या कक्षेत राहत नाही. तो डोळे मिटून कक्षेबाहेर काम करत असतो. तीच गोष्ट गुंगीच्या औषधांची. घाबरट रुग्णाला गुंगी देऊन अक्कलदाढ काढायची असेल, तर त्याचा घसा झोपेत मिटतो का हे आधी कळायला हवं. तेव्हा 'दंतवैद्याने झोपेच्या भानगडीत पडू नये' ही सूचना पाळताच येत नाही. तो पडलेला आहे. त्याने जाणून पडावं की अजाणता, एवढंच ठरवायचं उरतं.

कायद्याच्या बाजूनेही हे काही आक्रमण नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने आमचं कार्यक्षेत्र 'दात' एवढंच ठेवलेलं नव्हतं. दात आणि जबडे यांचे रोग व दोष, आणि तोंडात बसवायची साधनं, असा त्याचा व्याप होता. जबडा पुढे धरून श्वासाची वाट मोकळी ठेवण्याची कल्पनाही आजकालच्या कुठल्या कंपनीच्या डोक्यातून निघालेली नाही. फ्रान्समधले मुखरोगतज्ज्ञ पिएर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, जन्मतः लहान जबडा असलेल्या आणि जीभ मागे पडून गुदमरणाऱ्या बाळांचा अभ्यास करताना, खालचा जबडा पुढे धरणारं साधन वापरलं होतं.

इतिहासातलं दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंना कापतं. शस्त्रक्रियेच्या वेदना थांबवणारी भूल जगाला दिली ती दंतवैद्यांनी. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स यांनी १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांचा जाहीर प्रयोग फसला, आणि जमलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांना ढोंगी ठरवलं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन दाखवलं आणि शस्त्रक्रियेचा काळ बदलला. 'तुम्ही दात बघा' हे बोस्टनने तेव्हा शेवटपर्यंत लावून धरलं असतं तर? पण याच गोष्टीचा उत्तरार्धही वाचला पाहिजे. भूल हे शास्त्र झालं ते वैद्यकाने तिची मोजदाद, मात्रा, धोके आणि देखरेख बांधून घेतल्यावर. आज कुठलाही शहाणा दंतवैद्य असं म्हणत नाही की भूल आमच्याकडे सुरू झाली, म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेलाही आम्हीच देणार. सुरुवात कुणी केली यावरून मालकी ठरत नाही, आणि मालकी दुसऱ्याची म्हणून पहिल्याचे डोळे बांधायचेही नसतात.

घरचं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचं नातं समजून घेण्यात असल्या कामाचा वाटा मोठा आहे. तिथेही निदानावर शिक्कामोर्तब करणारा शेवटी पॅथॉलॉजिस्ट होता आणि शस्त्रक्रिया करणारा कर्करोगतज्ज्ञ. पण गालातला पांढरा चट्टा पहिल्यांदा बघायचा कुणी, यावर त्यानंतर वाद उरला नाही. आज तंबाखूचा चट्टा दिसूनही रुग्णाला काही न सांगणाऱ्या दंतवैद्याला आपण निष्काळजी म्हणतो. झालर पडलेली जीभ, सपाट दाढा आणि 'हे मधेच श्वास थांबवतात' हे सगळं समोर असून काही न बोलणाऱ्याला वेगळं काय म्हणायचं?

आता विरोधकांचे सगळ्यात जड मुद्दे. पहिला असा की या खुणांवर विसंबता येत नाही. दाढा तणावानेही घासतात. जिभेवर ठसे असलेली कितीतरी माणसं शांत झोपतात. दात खाणं आणि श्वास अडणं यांचं नातं नेमकं काय, यावर संशोधकांचं एकमत नाही. शिवाय अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या राष्ट्रीय कार्यदलाने २०२२ साली स्पष्ट म्हटलं की, तक्रार नसलेल्या प्रौढांची सरसकट चाळणी करावी की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. हा मुद्दा मी पूर्ण गंभीरपणे घेते, आणि आमच्यातल्या उत्साही मंडळींनीही घ्यावा. पण तो मुद्दा काय सांगतो ते नीट बघा. तो सरसकट चाळणीबद्दल आहे. दर रुग्णाला स्लीप स्टडीला पाठवा असं मी म्हणत नाही. ज्याच्या तोंडात खुणा दिसतात त्याला प्रश्न विचारा, उत्तरं जुळली तरच पुढे पाठवा, हे माझं म्हणणं. खूण म्हणजे निदान नाही, खूण म्हणजे प्रश्न विचारण्याचं कारण. प्रश्नही नव्याने शोधायचे नाहीत. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सेस चुंग यांनी २००८ साली तयार केलेली स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग. यातलं रक्तदाबाचं आम्ही दाढ काढण्याआधी नाहीतरी विचारतोच.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूला जाऊन उभी राहते. दंतवैद्यकात झोपेच्या नावाने जे विकलं जातं, त्यातलं काही भयानक आहे. अमेरिकेत प्रौढांच्या टाळ्यावर बसवायच्या काही स्थिर उपकरणांचा प्रचार 'जबडा शस्त्रक्रियेविना वाढतो, झोपेतला श्वास सुधारतो' असा झाला. रुग्णांचे दात हिरडीबाहेर ढकलले गेले, हलले, काहींचे गेले, खटले उभे राहिले आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला सुरक्षिततेबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. आपल्याकडे असं होणार नाही असं मानायला काही आधार आहे का? मला दिसत नाही. ज्या व्यवसायात एका गल्लीत चार पाट्या असतात, तिथे नव्या उत्पन्नाचा मोह मोठा असतो. स्लीप स्टडीशिवाय, कुठल्याही डॉक्टरच्या निदानाशिवाय, नुसत्या घोरण्याच्या तक्रारीवर उपकरण विकणं बंद झालं पाहिजे. कारण साधं आहे. अर्धवट बसलेलं उपकरण घोरण्याचा आवाज कमी करतं आणि श्वासाचे अडथळे तसेच ठेवू शकतं. मग बायकोला वाटतं बरं झालं, रुग्णाला वाटतं बरं झालं, आणि जी एकमेव खूण घराला जागं करत होती तीच गेलेली असते. उपचार न करण्यापेक्षा हे वाईट.

पण गैरवापर होतो म्हणून साधनच दंतवैद्याच्या हातून काढून घ्यायचं, तर रुग्णाकडे काय उरतं? सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सीपॅप यंत्राचा शोध जगापुढे मांडला. नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवायचा ही ती कल्पना, आणि अडथळे कमी करण्यात आजही तिला तोड नाही. तीव्र आजारात पहिला उपचार तोच. उपकरण त्याची बरोबरी करतं असं जो दंतवैद्य सांगेल तो रुग्णाची दिशाभूल करतो. अडचण अशी की यंत्र काम करतं ते नाकावर असेल तेव्हाच, आणि कितीतरी जण ते काही आठवड्यांत कपाटात ठेवतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत सहभागी रुग्णांचा यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तास भरला, आणि हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना त्या गटात कमी झाल्याचं दिसलं नाही. सिडनीतच यंत्र आणि तोंडातलं उपकरण या दोन्ही उपचारांची प्रत्येकी महिनाभर तुलना झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. यंत्राने अडथळे अधिक कमी केले, पण रुग्ण यंत्र रात्री सरासरी ५.२ तास वापरत होते आणि उपकरण, त्यांच्याच सांगण्यानुसार, ६.५ तास. महिन्याच्या शेवटी रक्तदाब, दिवसाची झोप, गाडी चालवण्याची क्षमता यांत दोन्ही साधारण सारखेच उतरले. आता तो ऊसवाला चालक आठवा. तो हंगामात ट्रकच्या केबिनमध्ये झोपतो, कारखान्याच्या रांगेत. तिथे यंत्राला वीज कुठून आणायची? गावाकडच्या घरात रात्री वीज गेली तर? यंत्राची किंमत दहा-वीस हजारांपुरती थांबत नाही, हा भाग वेगळाच. अशा माणसाला सौम्य किंवा मध्यम आजार असेल, किंवा यंत्र सोसत नसेल, तर खिशातल्या डबीत मावणारं उपकरण हाच त्याच्यापुरता खरा पर्याय असतो. हे माझं एकटीचं मत नाही. भारतातल्या तज्ज्ञांनी २०१४ साली तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आणि अमेरिकेच्या निद्रावैद्यक व दंतनिद्रावैद्यक संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त शिफारशींमध्ये तोंडी उपकरणाला अशाच रुग्णांसाठी जागा दिली आहे.

आणि ते उपकरण बसवायचं कुणी? ऑनलाइन मागवून गरम पाण्यात मऊ करून चावायचं, असे तुकडे मिळतात. ते कुणाच्या तोंडात बसेल, कुणाच्या नाही, हे विक्रेता सांगणार आहे का? हे उपकरण रात्रभर खालचा जबडा काही मिलीमीटर पुढे ओढून धरतं, म्हणजे त्याचा सगळा भार दातांवर येतो. त्यासाठी दोन्ही जबड्यांत पुरेसे आणि घट्ट दात हवेत. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या, हिरड्या झिजलेल्या पन्नाशीच्या रुग्णाचे पुढचे दात जिभेने ढकलले तरी हलतात. त्याला आधी हिरड्यांचा उपचार लागतो. गुटखा खाऊन ज्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्याचं माप घ्यायचा ट्रेच आत जात नाही. जबड्याच्या सांध्यात आधीच कटकट असेल तर उपकरणाने ती वाढू शकते. आणि सगळं जमलं तरी काही वर्षांत चावा बदलतो: वरचे पुढचे दात आत झुकतात, खालचे बाहेर येतात, मागच्या दाढा पूर्वीसारख्या टेकत नाहीत. हे कुणी बघायचं, छातीविकारतज्ज्ञाने? त्याच्याकडे तो आरसा नाही आणि ती नजरही नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१७ साली या विषयावर धोरण जाहीर केलं, त्यात नेमकी हीच वाटणी आहे. दंतवैद्याने धोका असलेला रुग्ण ओळखावा, डॉक्टरकडे पाठवावा, डॉक्टरने लिहून दिल्यावर उपकरण करावं, त्याचे दुष्परिणाम पाहावेत आणि डॉक्टरच्या संपर्कात राहावं. निदान डॉक्टरचं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी जास्त सावध आहे. सात-आठ वर्षांचं मूल तोंड उघडं टाकून श्वास घेतं, टाळा अरुंद, डोळ्यांखाली काळं, रात्री घोरतं, अंथरूण ओलं करतं, शाळेत बाई म्हणतात लक्ष देत नाही. हे मूल आमच्याकडे वाकड्या दातांसाठी येतं. त्याचा पुढचा मुक्काम कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे असायला हवा, कारण मुलांमध्ये या त्रासाचं नेहमीचं कारण वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड असतं. टाळा रुंद करणं किंवा जिभेखालचा पडदा कापणं हे 'मुलाची झोप सुधारेल' म्हणून निदानाआधीच सुचवणारे आमचे सहकारी माझ्या मते पालकांच्या काळजीचा फायदा घेतात. आणि बायकांबद्दल एक सांगायलाच हवं. बाई घोरते हे घरात कुणी बोलत नाही, ती स्वतः तर नाहीच. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांमध्ये वाढतो, पण तिची तक्रार घोरण्याची नसते. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, असं ती सांगते, आणि 'वयामुळे होतं' म्हणून तिला परत पाठवलं जातं. प्रश्न विचारायची यादी पुरुषांच्या घोरण्यापुरती ठेवली तर या बायका पुन्हा निसटतील.

उरतो प्रशिक्षणाचा मुद्दा. बीडीएसच्या पाच वर्षांत झोपेला जवळपास जागा नाही, हे विरोधक म्हणतात ते खरं आहे. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा, शिकवू नका की शिकवा? देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, आणि संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केल्यामुळे अभ्यासक्रम नव्याने बांधायची संधीही आहे. इंटर्नला केस पेपर भरायला शिकवताना त्यात घोरणं, दिवसाची झोप आणि घशाची प्रतवारी हे तीन रकाने घालायला इमारत लागत नाही. उपकरण करण्याचं शिक्षण मात्र त्याच्यावरची पायरी आहे. ते दोन दिवसांत होत नाही आणि तसं होतं असं भासवणाऱ्या कार्यशाळांना आयोगाने मान्यता देऊ नये. तोंडात उपकरण ठेवून पुन्हा स्लीप स्टडी केल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असं म्हणता येणार नाही, ही अट लेखी असावी. जबडा किती पुढे आणायचा हे रुग्णाला बरं वाटण्यावर नाही, त्या अहवालावर ठरतं.

एक अडचण उघडपणे बोलली जात नाही, म्हणून ती इथे लिहिते. दंतवैद्याने रुग्ण पाठवला की आपल्याकडे पहिली शंका येते ती 'कट'ची. चिठ्ठीमागे टक्केवारी असेल, असं रुग्णालाही वाटतं आणि डॉक्टरलाही. ही शंका निराधार असती तर २०१७ साली राज्य सरकारला कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घ्यायची गरजच पडली नसती. स्लीप स्टडी ही महागडी तपासणी, उपकरणही स्वस्त नाही. दोन्हीकडून पैसा वाहू लागला तर गरज नसलेले रुग्ण पाठवले जातील आणि गरज नसलेली उपकरणं बसवली जातील. म्हणून मी चिठ्ठीत तपासणी केंद्राचं नाव लिहीत नाही. काय पाहिलं ते लिहिते: घशाची प्रतवारी, रक्तदाब, मानेचा घेर, घरच्यांनी काय सांगितलं. कुठे जायचं ते रुग्णाने ठरवावं. माझी डॉक्टरांकडे मागणी एवढीच की त्या चिठ्ठीला दोन ओळींचं उत्तर यावं: तासाला अडथळे किती, उपचार कोणता ठरला, नाइट गार्ड चालेल की नाही. आज बहुतेक चिठ्ठ्यांना उत्तर येत नाही. रुग्ण सहा महिन्यांनी दुसरी दाढ घेऊन येतो, तेव्हा 'ते डॉक्टर काय म्हणाले' हे मला त्यालाच विचारावं लागतं, आणि तो सांगतो, काही नाही, वजन कमी करा म्हणाले. स्लीप स्टडी झाली की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय त्याच्या घासलेल्या दाढांवर मी काहीही बसवू शकत नाही.